हात थरथरतो म्हणजे पार्किन्सनच का?

मांडीवर ठेवलेला हात अगदी शांत असतो. चहाचा कप उचलला की थरथर सुरू होते, आणि कप ओठांजवळ येईपर्यंत निम्मा चहा बशीत. अशा माणसाला आपल्याकडे लोक दोनच कारणं चिकटवतात: ‘पार्किन्सन झालाय’, नाहीतर ‘संध्याकाळी घेत असेल’. दोन्हीपैकी काहीच नसलेली माणसं जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गावागावांत आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या आजाराचं नावही कोणी सांगितलेलं नसतं.

त्या आजाराचं नाव इसेन्शियल ट्रेमर. पुढे आपण त्याला नुसतं ‘ईटी’ म्हणू. हालचालींच्या आजारांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा. जगभरच्या पाहण्यांचा सरासरी अंदाज साधारण शंभरात एक असा आहे, आणि पासष्टीनंतर शंभरात चार-पाच. म्हणजे पार्किन्सनपेक्षा कितीतरी जास्त. जिवाला धोका नसल्यामुळे त्याला कोणी मनावर घेत नाही. पण घास, सही आणि शर्टाचं बटण रोज अडत असेल तर ‘धोका नाही’ एवढं सांगून भागत नाही.

बिघाड नेमका कुठे असतो

हातात काहीच बिघडलेलं नसतं. स्नायू ठीक, हाडं ठीक, ताकदही बहुधा पूर्ण असते. बिघाड मेंदूत असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हात जिकडे न्यायचा तिकडेच जातोय ना हे पाहून तो क्षणोक्षणी दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून मोठ्या मेंदूकडे जाते आणि तिथून हाताकडे. ईटीमध्ये या फेऱ्यात एक ठेका शिरतो. नवशिका ट्रॅक्टरवाला तास सरळ ठेवायला स्टिअरिंग सारखं डावीकडे-उजवीकडे ओढतो आणि तासच नागमोडी होतं, तसं काहीसं. फक्त इथे ही ओढाओढ सेकंदाला चार ते बारा वेळा होते.

म्हणूनच थरथर हालचालीत दिसते आणि नेमक्या जागी पोचताना वाढते. चमचा वाटीतून निघतो तेव्हा बरा असतो, तोंडापाशी सांडतो. सुईत दोरा घालताना, कुलुपात किल्ली घालताना, मोबाईलवर ओटीपी दाबताना हाच अनुभव येतो. राग, घाई, भूक, जागरण, कडक चहा, चारचौघांची नजर यांनी ती वाढते. ‘मुद्दाम करतोस का, घरी तर इतकं नव्हतं’ असं कोणी म्हणत असेल तर हे त्याला सांगा.

पार्किन्सनपासून वेगळं कसं ओळखायचं

निदान डॉक्टरांनीच करायचं. पण काय पाहायचं ते घरच्यांना माहीत असलं की तपासणी नीट होते. पार्किन्सनची थरथर सहसा हात निवांत असताना दिसते, एका बाजूने सुरू होते, आणि अंगठा-बोटं जणू गोळी वळत असतात. सोबत हालचाल मंदावते, अंग आखडतं, चालताना एक हात हलेनासा होतो. काहींना वास येणं तर आधीच बंद झालेलं असतं. ईटी बहुधा दोन्ही हातांत असतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काहींची मान ‘नाही-नाही’ किंवा ‘हो-हो’ अशी हलते, आवाज कापतो. अक्षरातही फरक पडतो: पार्किन्सनमध्ये ते ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं, ईटीत मोठं आणि वाकडंतिकडं येतं.

तज्ज्ञांच्या २०१८ मधल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार दोन्ही हातांत हालचालीची थरथर किमान तीन वर्षं असावी आणि दुसऱ्या मेंदूविकाराची खूण नसावी, तेव्हा ईटी म्हणतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘अजून नक्की नाही, सहा महिन्यांनी या’ असं ऐकलं तर डॉक्टर टाळतायत असं समजू नका.

यासाठी रक्ताची कुठलीही एक चाचणी नाही. एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. थरथर एकाच बाजूची असली, अचानक आली किंवा चालण्यात तोल जात असला तरच त्याचा खरा उपयोग. उलट थायरॉइड आणि साखर या स्वस्त तपासण्या आधी व्हायला हव्यात. वय चाळिशीच्या आत असेल तर शरीरात तांबं साठणारा विल्सन्स डिसीज वगळावाच लागतो. तो औषधाने आटोक्यात येतो, आणि दुर्लक्ष केलं तर यकृत आणि मेंदू दोन्ही घेऊन बसतो.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. आधी हात मांडीवर सैल ठेवून शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं, वीस सेकंद. लक्ष दुसरीकडे गेलं की पार्किन्सनची लपलेली थरथर बाहेर येते. मग दोन्ही हात पुढे ताणून धरायचे. मग बोट नाकाला लावून समोरच्याच्या बोटाला लावायचं, पाच वेळा. पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं. शेवटी अंगणात दहा पावलं चालून वळून यायचं. शिवाय कोऱ्या कागदावर, मनगट टेबलाला न टेकवता, दोन्ही हातांनी एकेक चक्राकार रेघ काढा आणि तारीख टाका. दर सहा महिन्यांनी त्याच पेनाने पुन्हा काढली की आजार किती सरकला आणि औषधाने काय केलं हे कागदच सांगतो.

आधी औषधांची पिशवी उघडा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैसे न लागता सुटणारी थरथर सापडते. दम्याचं सल्ब्युटामॉल, फिटचं सोडियम व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारावरचं लिथियम यांनी हात थरथरतात. थायरॉइडची गोळी जास्त झाली तरी तसंच. आणि दोन औषधं आपल्याकडे सर्रास वर्षानुवर्षं चालू राहतात: ॲसिडिटीच्या जोडगोळीतलं लेव्होसल्पिराइड आणि चक्कर किंवा अर्धशिशीवरचं सिनारिझिन-फ्लुनारिझिन. यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. पाकिटावर ‘पॅन्टोप्राझोल’ किंवा ‘राबेप्राझोल’ ठळक असतं आणि दुसरं नाव खाली बारीक. ते वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने मात्र काही बंद करू नका.

उलटी चूकही होते. ईटीलाच पार्किन्सन समजून त्याचं मुख्य औषध लेवोडोपा सुरू होतं, फरक पडत नाही, डोस वाढतो, मळमळ होते. खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाचं तेच. त्या बियांत नैसर्गिक लेवोडोपा असतं, म्हणून पार्किन्सनच्या संदर्भात त्यांचं नाव निघतं. ईटीत पार्किन्सनमधल्या बिघाडाचा संबंधच नसल्याने ते चूर्ण काम करत नाही.

‘एक पेग घेतला की थांबतं, मग ते औषधच की’

निम्म्याहून जास्त रुग्णांची थरथर थोड्या दारूने तासा-दोन तासांपुरती कमी होते हे खरं आहे. दारू उतरली की ती आधीपेक्षा जोराने परत येते हेही तितकंच खरं. त्यात सवय लागली की दारू सुटण्याची वेगळी थरथर त्यावर चढते, आणि मग कोणती कशाची हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेव्हा ही माहिती निदानापुरती डॉक्टरांना द्यावी, एवढाच तिचा उपयोग.

मुलांना होईल का?

साधारण निम्म्या रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी थरथर असते. जिथे ती पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, तिथे प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास धरतात. पण ती कधी येईल, किती येईल, याचा नेम नसतो. बापाला सत्तरीत दिसलेली थरथर मुलाला चाळिशीत दिसू शकते किंवा नाममात्र राहू शकते. सोयरीक जुळवताना लपवण्यासारखं किंवा मोडण्यासारखं यात काही नाही. जनुकीय चाचणी करून घेण्याचा आज उपयोग नाही, कारण ईटीचं असं एक ठरलेलं जनुक हाती आलेलंच नाही.

औषधं: काय, किती, आणि कुठे फसतं

ईटी मुळातून बरा करणारं औषध नाही. थरथर कमी करणारी दोन मुख्य औषधं आहेत. दोन्ही दुसऱ्याच आजारांसाठी आलेली. साधारण निम्म्या रुग्णांना त्यांचा ठळक फायदा होतो. एकाचा उपयोग झाला नाही तर दुसरं, किंवा दोन्ही मिळून देतात.

पहिलं प्रोप्रानोलॉल, मूळचं हृदयाचं आणि रक्तदाबाचं. सुरुवात १० ते २० मिलिग्रॅमने, दिवसातून दोनदा; मग हळूहळू वाढवत बऱ्याच जणांना दिवसाला १२० ते २४० मिलिग्रॅम लागतं. इथेच घोळ होतो: दोन आठवडे २० मिलिग्रॅम घेऊन ‘गुण नाही’ म्हणून सोडून देणारे खूप. मात्र दमा असेल तर हे औषध घ्यायचंच नाही, श्वासनळ्या आवळतात. नाडी आधीच मंद असेल तरीही नाही. मधुमेहाला इन्शुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साखर घसरल्यावर होणारी धडधड या औषधाने लपते, घाम मात्र येतो; तेव्हा घाम फुटला की साखर मोजा. घरी नाडी मोजायला शिका. मिनिटाला ५०च्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवा. आणि एकदम बंद कधीच करू नका, हृदय उलट जोरात धावतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवाव्यात. औषध स्वस्त आहे. थरथर रोज त्रास देत नसेल तर काही डॉक्टर लग्नकार्य किंवा भाषण असेल त्याच दिवशी, तासभर आधी एक डोस सुचवतात. नवा डोस मात्र आधी घरी घेऊन पाहिलेला असावा.

दुसरं प्रिमिडोन, फिटचं औषध. फिट आणि ईटी दोन्ही असलेल्या रुग्णाचे हात यावर शांत झालेले दिसले, म्हणून १९८१ मध्ये त्याची रीतसर नोंद झाली. हे रात्री झोपताना, २५ मिलिग्रॅमपासून. पहिल्याच डोसला काहींना गरगरणं, ओकारी, नशा केल्यासारखं वाटणं असा त्रास होतो, आणि तो बहुधा काही दिवसांत जातो. चूक अशी होते की दुकानातून २५० मिलिग्रॅमची गोळी हाती येते आणि पहिल्या रात्री आख्खी घेतली जाते; सकाळी माणूस उभा राहू शकत नाही. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहून घ्या, गोळीचे किती तुकडे तेही विचारा. गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम याने कमी होतो. हे औषध तालुक्याच्या प्रत्येक दुकानात नसतं, आधी सांगून मागवावं लागतं.

या दोन्हींनी भागलं नाही तर टोपिरामेट देतात. ते देताना खानदेशात एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या औषधाने घाम कमी होऊ शकतो आणि मूतखड्याचा धोका वाढतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात असताना ज्याला घामच येत नाही, त्याला उष्माघात लवकर गाठतो. एप्रिल-मेमध्ये हे औषध नव्याने सुरू करताना किंवा वाढवताना डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘मी दुपारी शेतात असतो, चालेल का?’ भरपूर पाणी हवंच. मान आणि आवाजाच्या थरथरीला गोळ्या कमी लागू पडतात. तिथे बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. त्यांचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो.

डोस वाढवायचा की थांबायचं हे कशावरून ठरवायचं? हात किती हलतो यावरून नव्हे. सुरुवातीलाच तीन कामं लिहा: चहा न सांडता पिणं, सही, दाढी, जे तुमचं असेल ते. दोन महिन्यांनी त्यातलं एकही सुधारलं नसेल तर औषध बदलायची वेळ झाली. तिन्ही होत असतील तर उरलेल्या थरथरीमागे लागून गुंगी ओढवून घेण्यात शहाणपण नाही. जळगावच्या सराफ्यातल्या कारागिराला जेवढी थरथर कामावरून उठवते, तेवढीच दुसऱ्याला जाणवतही नाही. त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला लागू नसते.

ऑपरेशनपर्यंत कधी जायचं

औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही स्वतःच्या हाताने जेवता येत नसेल, तर दोन मार्ग आहेत. दोन्हींचं लक्ष्य थॅलॅमसमधली एकच लहानशी जागा.

एक, डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत बारीक तार आणि छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखी बॅटरी. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९८७ मध्ये याची सुरुवात झाली. विजेचं प्रमाण नंतर कमी-जास्त करता येतं, दोन्ही बाजू करता येतात. पण कवटीला भोक पाडावं लागतं, रक्तस्राव आणि संसर्गाचा थोडा धोका असतो, आणि साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. खर्च लाखांत, त्यातला मोठा वाटा उपकरणाचा. मुंबई-पुण्यात ही सोय आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही आहे.

दुसरा मार्ग बातम्यांत ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणून येतो. एमआरआयच्या आत डोक्याभोवतीच्या टोपीतून हजारभर अल्ट्रासाउंड झोत एका बिंदूवर आणून तिथल्या पेशी तापवून निकामी करतात. रुग्ण जागा असतो, डोकं पूर्ण भादरलेलं असतं. २०१६ साली ७६ रुग्णांवरच्या चाचणीत हाताच्या थरथरीचा गुणांक तीन महिन्यांत ४७ टक्क्यांनी सुधारला. ज्यांना नुसतं यंत्रात झोपवलं होतं त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली. व्हिडिओत दिसत नाही ते असं: सुरुवातीला तिघांत एकाहून अधिक जणांना बधिरपणा किंवा चालण्यात अस्थिरता आली, आणि काहींची ती वर्षानंतरही राहिली. जाळलेली जागा परत येत नाही. कवटीच्या हाडाची घनता अनुकूल नसेल तर झोत आत पोचतच नाहीत, म्हणून आधी सीटी स्कॅन करतात. भारतात अशी केंद्रं मोजकीच आहेत.

ताटापासून फवारणीपर्यंत

जमिनीवर मांडी घालून बसलं की ताट आणि तोंड यांत दीड-दोन फुटांचं अंतर असतं, आणि तेवढ्या प्रवासात थरथरीला भरपूर वाव मिळतो. ताट चौरंगावर घ्या, कोपर बरगडीला किंवा टेबलाला टेकवा. हाताने जेवा: चमचा म्हणजे बोटांच्या पुढे आणखी चार इंच लांबी, टोक जास्त हलणारच. भरीत आणि कळण्याची भाकरी सोपी जाते. शेवभाजीचा रस्सा वाटीतून पिण्यापेक्षा भाकरी त्यात कुस्करा. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ते सरकत नाही. चहा जाड, जड मगमध्ये अर्धाच घ्या, दोन्ही हातांनी धरा, बशी विसरा. पाण्याला झाकणाची बाटली आणि स्ट्रॉ.

पेनाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करा. मोबाईलवर मराठीत बोलून टाइप करता येतं, आणि स्पर्श किती वेळ दाबल्यावर धरायचा हे सेटिंगमध्ये वाढवता येतं.

कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनी औषध बाटलीच्या टोपणात हवेत धरून मोजू नये, ते हातावर सांडतंच. मोजपात्र जमिनीवर ठेवा, हातमोजे घाला, किंवा मोजण्याचं काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवा.

सही जुळत नाही, पेपर लिहून होत नाही

बँकेत जाऊन नवी सही नमुन्यासाठी द्या. थरथर वाढली की पुन्हा द्या. आजारपणामुळे सही अशक्यच असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पेन्शनधारकांना नोव्हेंबरात जीवन प्रमाणसाठी (हयातीच्या ऑनलाइन दाखल्यासाठी) बोटाचा ठसा उमटत नसेल, तर मोबाईलवर चेहरा दाखवून तो दाखला निघतो.

विद्यार्थ्यांचा प्रश्न जास्त टोचणारा, कारण ईटी तरुणपणीही सुरू होतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये पार्किन्सनचं नाव आहे, ईटीचं नाही. मात्र बोटं आखडण्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत अडकवता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, लिहायला अडचण असलेल्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दाखला सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून लागतो, म्हणून परीक्षेची जाहिरात आली की त्यातला दाखल्याचा नमुना काढून लगेच धुळे किंवा जळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे जा. हॉल तिकीट हाती आल्यावर धावपळ करून हे होत नाही.

सोबत आणि संशोधन

फक्त ईटीसाठीची संस्था अमेरिकेत १९८८ पासून आहे. आपल्याकडे जवळची म्हणजे मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी; तिच्या नावातच इतर हालचालींचे आजार आहेत. न्यूरॉलॉजिस्टकडे दर वेळी नाशिकपर्यंत जाणं जमत नसेल, तर पुढच्या भेटींसाठी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर, विचारता येतं. लोकांत जाणं बंद झालं असेल, लग्नाची पंगत टाळली जात असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

संशोधनात सध्या दोन गोष्टींकडे लक्ष आहे. मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंत लहान मेंदूच्या पर्किंजे पेशींमध्ये बदल सापडले आहेत. ही पेशींची हळूहळू झीज आहे की नुसता ठेक्याचा बिघाड, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. दुसरं, ठेका धरणाऱ्या पेशींतले टी-प्रकारचे कॅल्शियम मार्ग बंद करणारी नवी औषधं. त्यातलं एक २०२४ मध्ये चाचणीत अपेक्षेला उतरलं नाही, त्यामुळे ‘कायमचा इलाज आला’ अशी फॉरवर्ड आली तर जरा थांबा.

कोणी औषधाच्या चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं, तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून भारतात अशी नोंदणी सक्तीची आहे. संमतिपत्र मराठीत मिळालं पाहिजे आणि घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागत असतील, तर तिथून उठून या.